हातातून सुटल्यावर

सयाजीगंजातून रोज पहाटे कमाटीबाग गाठणाऱ्या माझ्यासारख्या बहात्तरीच्या माणसाला लॉन बोल्स या खेळाचं वेड लागायचं काही कारण नव्हतं. बडोद्यात व्यायाम म्हणजे प्रा. माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाममंदिर, मल्लखांब, घाम. पण 2 ऑगस्ट 2022 रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या चौघीजणींनी त्या खेळात दक्षिण आफ्रिकेला 17-10 असं हरवून सुवर्णपदक मिळवलं आणि नातीनं तो सामना मोबाइलवर दाखवला.

माझ्या मनात भरला तो चेंडू. दीडेक किलोचा, मुद्दाम एका अंगाला कलता घडवलेला. सरळ टाकला तरी शेवटी वळतोच. म्हणून जॅक नावाच्या छोट्या चेंडूजवळ पोचायचं तर नेम बाजूला धरायचा. मला त्यात प्रारब्ध दिसलं: कल जन्माचा, नेम आपला, आणि सुटल्यावर गीतेतला तो फळाचा प्रश्न.

आमच्या हिला ते पटलं नाही. "अहो, त्या बायका चेंडूमागं ओरडत धावतायत, ते बघा. सोडून दिलं म्हणजे जीव काढून घेतला असं नाही."

निष्काम म्हणजे कोरडं, असं मी चाळीस वर्षं समजत आलो होतो.

परवा बागेत आम्ही चौघांनी टेनिसचे जुने चेंडू मातीत घरंगळवून पाहिले. गुडघ्यांचं काय होईल ते होवो. पण बायको गेल्यापासून फारसं न बोलणारे आमचे एक स्नेही बोटभर अंतरावरून माझ्याशी कडाकडा भांडले.