लेकरांच्या चालीने

शास्त्रपाठ : उत्पत्ती ३३:१२-१७



वीस वर्षांनी भेटलेल्या दोन भावांची ही गोष्ट आपल्या परिचयाची आहे. एसावाच्या मिठीवर पुष्कळ उपदेश झाले आहेत, व ते व्हावेतही. परंतु मिठी सुटल्यावर जे बोलणे झाले तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एसाव बरोबर निघण्याचा आग्रह करतो. त्याच्यासोबत चारशे धडधाकट माणसे आहेत. याकोब नम्रपणे नकार देतो. कारण त्याच्याजवळ कोवळी मुले आहेत, पिलांना पाजणारी जनावरे आहेत. त्यांना एक दिवस जरी दामटले तरी नाश होईल. म्हणून भावाने पुढे व्हावे, आपण मुलांना झेपेल तसे मागून येऊ, असे तो सांगतो. पुढे तो सेईरास गेलाच नाही, सुक्कोथास वळला, हे खरे. त्याच्या स्वभावाची ती जुनी बाजू आम्ही झाकत नाही. पण चालीविषयी तो जे बोलला ते बापाचे बोलणे होते.

प्रभूच्या कृपेने आमच्या घरी पहिल्या बाळाची वाट पाहणे चालू आहे. हे कळल्यापासून बेळगावचे तेच रस्ते आम्हां उभयतांस निराळे दिसू लागले आहेत. रंग न मारलेला गतिरोधक, पावसाच्या पाण्याखाली दडलेला खड्डा, उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, यांची नोंद आता मन आपोआप घेते. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, अशी सरकारी मोजणी आहे. आकडा हा आकडाच राहतो. त्यात आपल्या घरचे कोणी बसवून पाहिले म्हणजे त्याला तोंड फुटते.

यावर एक उत्तर आपल्या मंडळ्यांतून फार ऐकू येते : देव सांभाळील. देव सांभाळतो यात शंकाच नाही. पण मंदिराच्या शिरोभागी उभे असता सैतानाने प्रभू येशूपुढे हेच वचन धरले होते, व प्रभूने उडी टाकली नाही. ज्या देवाने इस्राएलास संरक्षणाचे अभिवचन दिले त्यानेच नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधा, अशी आज्ञा केली. कठडा नसल्यामुळे कोणी पडून मेला तर रक्तदोष घरधन्यावर येई (अनुवाद २२:८). गाडीतला पट्टा व डोक्यावरचे हेल्मेट हा आपल्या काळचा कठडा होय.

पट्ट्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पोटाला दाब बसेल या भीतीने पुष्कळ भगिनी गरोदरपणी तो लावीतच नाहीत. तो लावावा, पण नीट लावावा. खालचा पट्टा पोटावरून नव्हे, तर पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांवर बसेल असा. वरचा पट्टा छातीच्या मधून व पोटाच्या कडेने. मागच्या बैठकीवरही तो लावावा. आणखी एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. लहानशी धडक झाली, आईला खरचटलेसुद्धा नाही, तरी आतल्या धक्क्याने वार सुटू शकते. म्हणून काही झालेले नाही असे वाटले तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावे. गरोदरपणी दुचाकीवर बसावे की नाही हे शेजारणीस नव्हे, डॉक्टरांस विचारावे. व बसणे भागच असेल तर एका बाजूला पाय सोडून, पदर चाकाशी लोंबत ठेवून बसू नये.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात एक विचित्र वाटणारा नियम आहे. दोन पुरुष भांडतात व धक्का तिसऱ्याच, गरोदर बाईला लागतो. तिचे त्यांच्याशी काही वैर नव्हते. तरी नियमशास्त्र त्यांना सोडीत नाही. आपले तरुण उपासना सुटल्यावर मोटारसायकलींची शर्यत लावीत निघतात तेव्हा हा अध्याय आम्हांला आठवतो. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हे शाळेत शिकलेले गणित आहे. पलीकडून रस्ता ओलांडणारी बाई कोणाची तरी सून आहे, व तिला पळता येत नाही.

बाळ जन्मल्यावरचा पहिला प्रवास दवाखान्यातून घरी. तो बहुधा स्कूटरवर, आईच्या मांडीवर होतो. चार वर्षांखालील मुलास दुचाकीवर नेताना त्याला चालकाशी जोडणारा पट्टा असावा व वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत असावा, असा नियम केंद्र सरकारने २०२२ साली काढला. तो २०२३ पासून लागू आहे. हेल्मेट मात्र त्यात नऊ महिन्यांपुढच्या मुलालाच सांगितले आहे. त्याहून कोवळ्या मानेला ते पेलणारही नाही. तेव्हा तान्ह्याची जागा दुचाकीवर नाहीच, असे आम्ही समजतो. मोटारीतही मांडीवर धरलेले मूल धडकेच्या क्षणी हातात राहत नाही, आईचे हात कितीही घट्ट असोत; त्याला त्याची वेगळी, बांधता येणारी आसनिका हवी. ती महाग असते.

म्हणून मंडळीपुढे एक मागणे ठेवतो. ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांनी आपली नावे सेक्रेटरींकडे द्यावीत, व अशी एक आसनिका स्त्रियांच्या संघाने विकत घेऊन घरोघर फिरती ठेवावी. आमची तारीख ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे. त्याच महिन्यात मंडळीतील आणखी दोघी भगिनी आहेत.