टेबलावरचं कलाकर्षण

मूर्तीची दुरुस्ती करायची तर आधी देवाला तिच्यातून बाहेर काढावं लागतं. आमच्या कोल्हापुरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २०१५ च्या पावसाळ्यात अंबाबाईच्या मूर्तीचं रासायनिक संवर्धन झालं. पुरातत्त्व खात्याचे तज्ज्ञ आले, पण त्यांनी मूर्तीला हात लावण्याआधी कलाकर्षण विधी झाला. मूर्तीतल्या देवीच्या कला मंत्रांनी कलशात घेतल्या गेल्या. तेवढे दिवस लोकांनी कलशाचं आणि उत्सवमूर्तीचं दर्शन घेतलं. गाभाऱ्यात राहिला तो झिजलेला दगड, आणि दगडाला रसायन लावायला कुणाची हरकत नसते. काम झाल्यावर देवी परत मूर्तीत आली.

त्यावरून गावात वाद व्हायचे ते झालेच. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. त्या वादात मला फारसं काही कळत नाही. त्या विधीतली शिस्त मात्र मला तेव्हापासून पटलेली आहे. पूज्य वस्तूला हत्यार लावता येत नाही आणि हत्यार लावल्याशिवाय ती वाचत नाही, हा पेच कुणीतरी फार पूर्वी ओळखला आणि तो सोडवायला एक रीत घालून दिली. चर्चा करत बसले असते तर मूर्ती तशीच झिजत राहिली असती.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे घरी दुरुस्तीला आलेला एक व्हिडिओ गेम.

निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानात १९८३ च्या जुलैत आला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी पोचल्या त्या बहुतेक त्याच्या नकला: तसाच पांढरा-तांबडा डबा, तशीच साठ पिनांची कॅसेट, आणि कॅसेटवर लाखांच्या आकड्यात गेम असल्याचा दावा. माझ्यापुढे ठेवलेला डबा त्यातलाच. आणणारा माणूस चाळिशी ओलांडलेला, खानावळ चालवणारा. डबा त्याच्या थोरल्या भावाचा, आणि भाऊ आता नाही. टेबलावर ठेवता ठेवताच म्हणाला, "मॅडम, आतलं काय बदलू नगासा. हाय त्येच चालू करा."

माझ्यातल्या मास्तरणीला आधी हसू आलं. वस्तूच मुळात नक्कल आणि तिच्यातलं अस्सल तेवढं जपायचं! पण मग वाटलं, यात हसण्यासारखं काय आहे? प्रतिमा नक्कलच असते. भाद्रपदात आपण शाडूचा गणपती आणतो, तोही साच्यातून निघालेल्या शेकड्यांतला एक. प्राणप्रतिष्ठा झाली की तो आपला, उत्तरपूजा झाली की पुन्हा माती. अस्सलपणा कारखान्यातून येत नाही, घरात आल्यावर लागतो. त्या माणसाच्या घरी तो लागलेला होता.

डबा टीव्हीला जोडला. मारिओ सुरू केला आणि जे दिसलं ते पाहत मी बराच वेळ बसले. मारिओ अगदी धडधाकट होता. टोपी, मिशी, धावणं, उडी, सगळं जागच्या जागी. त्याच्याभोवतीचं जग मात्र फाटलेलं होतं. विटांच्या जागी अक्षरं, ढगांच्या जागी नळ्यांचे तुकडे, जमिनीच्या जागी आकड्यांचा कचरा. आणि त्या कचऱ्यावर तो माणूस ठामपणे चालत होता. जिथे खड्डा असायला हवा तिथे, डोळ्यांना काहीही दिसत असलं तरी, तो खाली पडत होता. जिथे जमीन असायला हवी तिथे उभा राहत होता.

कारण साधं आहे. या यंत्रात दोन दोन किलोबाइटच्या दोन मेमरी चिप असतात. एक मुख्य प्रोसेसरची. जमीन कुठे, वीट कुठे, हा हिशेब तिच्यात. दुसरी चित्र काढणाऱ्या चिपची. पडद्यावरच्या कुठल्या चौकोनात कुठला तुकडा लावायचा, हे तिच्यात. मारिओसारख्या हलत्या आकृत्यांचा हिशेब तिसरीकडेच, चित्राच्या चिपच्या पोटात असतो. यातली दुसरी मेमरी चिप बिघडली होती. म्हणून जगाचं सत्य शाबूत, जीव शाबूत, फक्त दिसणं बिघडलेलं. एखाद्या वेदान्त्याला हे दृश्य दाखवलं असतं तर त्याचं तासभराचं प्रवचन तयार झालं असतं. मला मात्र ते पाहून दोष त्या मेमरी चिपमध्ये, म्हणजे ६११६ मध्ये आहे एवढं कळलं, आणि ते पुरेसं होतं.

म्हणजे चिप बदलावी लागणार. म्हणजे त्याची अट मोडणार.

इथे कुणीही मिलिंद राजाचा आणि नागसेनाचा रथ आणून उभा करेल. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? मग रथ कुठे आहे? प्रश्न थोर आहे, पण हातात सोल्डरिंग आयर्न असताना त्याचा उपयोग होत नाही. वस्तू तीच राहिली का, हा प्रश्न बाजूला उभं राहून बघणाऱ्याचा आहे. ज्याला काम करायचं आहे त्याचा प्रश्न वेगळा: मी कशाला हात लावू शकते, आणि कुणाच्या परवानगीने?

आपल्याकडच्या शिल्पशास्त्रांनी याच अंगाने विचार केला आहे. मूर्तीचं मुख्य अंग भंगलं तर ती विसर्जित करा. बोटासारखा किंवा दागिन्यासारखा बारीक भाग गेला तर दुरुस्त करा आणि ठेवा. शाळिग्राम मात्र तडकला तरी पूज्यच, कारण त्याला कुणी घडवलेलंच नाही. ही प्रतवारी मला फार कामाची वाटते. या डब्यात यूएमसी या तैवानी कंपनीच्या दोन मोठ्या चिप आहेत, ६५२७ आणि ६५३८. एक प्रोसेसर, दुसरी चित्राची. त्यांतली एखादी गेली असती तर मी हात जोडले असते; दुसऱ्या डब्यातली काढून इथे लावणं म्हणजे एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर. ६११६ तशी नाही. ती त्या काळच्या कितीतरी यंत्रांत असायची, पुण्याच्या तपकीर गल्लीत जुन्या बोर्डांच्या ढिगात आजही सापडते. ते बोट आहे, मस्तक नव्हे.

गंमत अशी की कोल्हापूरच्या त्याच वर्षी, २०१५ लाच, पुरीत जगन्नाथाचं नवकलेवर झालं. तिथली रीत बरोबर उलटी. लाकडी मूर्ती अख्खी नवी घडवतात, जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ रात्रीच्या अंधारात, डोळ्यांना पट्टी बांधलेले सेवक नव्या मूर्तीत ठेवतात, आणि जुनं कलेवर मंदिराच्याच आवारात पुरतात. इकडे देह तोच राहिला आणि देवी जाऊन आली. तिकडे देह गेला आणि आतलं काहीतरी हलवलं गेलं. दोन्ही ठिकाणचे भक्त त्यानंतरही तितक्याच भक्तीने रांगेत उभे. एकाच धर्मात दोन उत्तरं नांदतात आणि कुणाचं काही अडत नाही. नेमकं राहतं काय, याची व्याख्या दोन्हीकडे कुणी मागत नाही. ते काढण्या-ठेवण्याचा अधिकार कुणाचा आणि कृती कोणती, एवढं मात्र दोन्हीकडे काटेकोर ठरलेलं आहे.

त्या माणसाला मी फोन केला. चिप बदलावी लागेल हे सांगितलं. तो गप्प. मग त्याची कॉलेजात जाणारी मुलगी मागून बोललेली ऐकू आली, "बाबा, हा गेम मोबाईलवर फुकट मिळतो की!" तिचंही खोटं नाही. मूळ मारिओ अवघा चाळीस किलोबाइटचा, फोनमधल्या एका साध्या फोटोपेक्षा कितीतरी लहान. तो कुठल्याही यंत्रात उतरतो आणि तंतोतंत तसाच चालतो. पोरगी निर्गुणवाली. सगळीकडे आहे, मग याच डब्यात कशाला शोधता? आमच्या वारकऱ्यांनी हे भांडण केव्हाच मिटवलंय. सगुण आणि निर्गुण एकच म्हणून सांगितलंय, आणि तरीही पायी पंढरपूरला जायचं सोडलेलं नाही. मला ते जाणं जास्त पटतं. त्याचा भाऊ मोबाईलवर खेळला नव्हता.

मी त्याला एवढंच म्हटलं, "कॅसेट आणि दोन्ही जॉयपॅड घरी घेऊन जा. डबा माझ्याकडे राहू दे." माझ्याकडे चाचणीसाठी कॅसेट आणि जॉयपॅड आहेत, त्याचे मला नको होते. त्याच्या एका जॉयपॅडचं 'ए' बटण अंगठ्याने इतकं गुळगुळीत झालंय की वरचं अक्षर गेलंय. तो अंगठा कुणाचा, ते विचारायची गरज नव्हती. तो संध्याकाळी आला, जॉयपॅड वायरीसकट टॉवेलात गुंडाळून घेऊन गेला. जाताना म्हणाला, "आता करा काय करायचं त्ये."

मग काम सोपं झालं. माझ्यापुढे नुसता बोर्ड होता. शिशाचे जुने सांधे, चोवीस पाय, एकेका पायावर फ्लक्स लावून सोल्डर सकरने ओढून घ्यायचं. या स्वस्त बोर्डांवरचा तांब्याचा थर पातळ असतो; जास्त तापवला तर कागदासारखा सुटून येतो. म्हणून घाई नाही. चिप निघाल्यावर थेट नवी न लावता मी खाली सॉकेट बसवलं, पुढच्या वेळी कुणालाच तापवायला लागू नये म्हणून. फुगलेले कपॅसिटरही बदलले. त्यांच्यासाठी मी कुणाला विचारलं नाही. कपॅसिटर म्हणजे निरांजनातली वात, ती जळायचीच. नवी ६११६ बसवली, आणि विटा विटांच्या जागी आल्या, ढग ढगांच्या.

जुनी चिप तो घेऊन गेला. त्याने मागितली नसती तरी मी दिली असती; त्याआधीच मी ती स्पंजच्या तुकड्यात खोचून ठेवली होती. निर्माल्य केराच्या टोपलीत टाकत नाहीत, हे हातालाच ठाऊक असतं.

आता राहिला परतीचा विधी, आणि इथे मी अडते. कोल्हापुरात कला काढायचे मंत्र आहेत तसे त्या परत ठेवायचेही आहेत. माझ्याकडे कुठलेच नाहीत. मी विद्युतदाब मोजून देऊ शकते, पाच व्होल्ट बरोबर येतायत हे सांगू शकते. त्यापुढे माझा अधिकार नाही. तो त्याच्या जॉयपॅडचा, म्हणजे त्याचा.

दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. मारिओ झकास चालतोय, पण बदकं मारायची बंदूक चालत नाही. भाऊ तेच जास्त खेळायचा. मी त्याला समजावलं: घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो, पण ही वेळ जुन्या काचेच्या डबा टीव्हीवर बेतलेली आहे. भिंतीवरचा सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो आणि त्याचा उजेडही तसा लवलवत नाही, त्यामुळे बंदुकीला काही दिसतच नाही. बंदुकीत दोष नाही. डब्यातही नाही.

"म्हणजे जुना टीव्ही पायजे?"

"हो."

"त्यो तर आम्ही भंगारात घातला," तो म्हणाला, आणि मग लगेच, "तुमच्या वळखीत कुठं हाय का? चालू नसला तरी चालंल. तुम्ही हायसाच."