समाधानाची टक्केवारी

मार्च २०२१मध्ये केंद्र सरकारने शहरांच्या राहणीमानाचा निर्देशांक जाहीर केला. दहा लाखांवरच्या शहरांत बेंगळुरू पहिलं आलं, पुणं दुसरं. २०१८च्या यादीत पुण्याचा नंबर पहिला होता, त्यामुळे पुणेकरांना हे लागलं असेल तर नवल नाही. पण नंबराच्या या चढाओढीपेक्षा त्याच अहवालातला दुसरा तक्ता मला जास्त बोलका वाटतो. त्या खेपेला ३० टक्के गुण थेट नागरिकांच्या मतावर ठेवले होते आणि १११ शहरांतल्या ३२ लाखांहून जास्त लोकांची मतं घेतली होती. लोकांनी ज्यांना सर्वाधिक गुण दिले ती सहा शहरं अशी: भुवनेश्वर, सिल्वासा, दावणगेरे, काकीनाडा, बिलासपूर, भागलपूर. यात पुणं नाही, बेंगळुरूही नाही. उलट बिलासपूर आणि भागलपूर अंतिम यादीत पहिल्या दहांत कुठेच नव्हती.

भागलपूरचे लोक खोटं बोलले, असं मी म्हणणार नाही. माणूस उत्तर देतो ते आपल्या अपेक्षेला धरून. ज्याने नळाला चोवीस तास पाणी कधी पाहिलंच नाही, तो तासाभराच्या पाण्यालाही बरं म्हणतो. ज्याने पाहिलंय, तो टँकरला उशीर झाला तरी नगरसेवकाला फोन लावतो. दोघांचे गुण एकाच रकान्यात मांडून सरासरी काढली, की हातात काय येतं हे सांगणं अवघड आहे.

अमर्त्य सेन यांनी याचं एक उदाहरण दिलं आहे, ते आकड्यांनिशी लक्षात ठेवण्यासारखं आहे. बंगालच्या दुष्काळानंतरच्या वर्षी, १९४४मध्ये, कलकत्त्याजवळच्या सिंगूरमध्ये आरोग्याची पाहणी झाली. आपली प्रकृती बरी नाही किंवा जेमतेम आहे, असं सांगणारे विधुर ४८.५ टक्के होते, आणि विधवा फक्त २.५ टक्के. त्या काळच्या बंगालमधल्या विधवांची स्थिती माहीत असलेला कुणीही या आकड्यांवरून त्या ठणठणीत होत्या असा निष्कर्ष काढणार नाही. तक्रार करायलाही आपला काही हक्क आहे असं आधी वाटावं लागतं.

शहरात हा प्रकार उंबऱ्यावर रोज घडतो. टॅब घेऊन आलेला मुलगा बहुधा एजन्सीचा असतो, त्याला दिवसाचा कोटा पुरा करायचा असतो. दार सासूबाई उघडतात. "पाणीपुरवठ्याबाबत आपण किती समाधानी आहात?" खूप समाधानी, समाधानी, साधारण, असमाधानी. सासूबाई म्हणतात, "चाललंय की." मुलगा 'समाधानी'वर बोट टेकवतो. आत मोरीपाशी पिंप, कळश्या, पातेली काठोकाठ भरून ठेवलेली असतात, त्यांच्यासाठी फॉर्ममध्ये जागाच नसते. त्याच बाईंना विचारा, पाणी येतं कधी? "पहाटे साडेचारला. पाऊण तास. वरच्या मजल्याला चढत नाही, मोटार लावावी लागते." न अडखळता तीन उत्तरं मिळतात, आणि तिन्ही पडताळून पाहता येतात.

वस्तीतली गोष्ट आणखी वेगळी. मुंबईत १९७६च्या जानेवारीत सरकारी जमिनींवरच्या झोपड्यांची गणना झाली आणि त्यातून झोपडीधारकांना ओळखीचे फोटोपास दिले गेले. तेव्हापासून पाहणीला आलेला माणूस म्हणजे आपलं घर राहणार की जाणार हे ठरवणारा माणूस, हे वस्तीच्या अंगवळणी पडलं आहे. पुढे १ जानेवारी २०००च्या आधीची झोपडी मोफत घराला पात्र, अशी रेघ आखली गेली. दारावर रंगाने नंबर पडतो, मग वीजबिल, रेशनकार्ड, मतदारयादीतलं नाव यांची जुळवाजुळव सुरू होते. अशा दारात उभं राहून 'आपण आपल्या घराबाबत समाधानी आहात का' असं विचारणं ही जवळजवळ थट्टाच. समोरचा मनात एवढंच ताडत असतो, की कोणतं उत्तर दिलं तर धोका कमी.

१९८५मध्ये मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्या सुमारे ६,००० कुटुंबांची मोजणी 'स्पार्क' या संस्थेने केली, तेव्हा पाहणीचा उपयोग उलटा झाला. हे लोक कुठून आले, काय काम करतात, पदपथावरच का राहतात हे त्यातून पुढे आलं. कामावर पायी जाता यावं, हे त्यातलं एक साधं कारण. पाडापाडीच्या वादात त्यांच्या हाती स्वतःची माहिती आली.

पुण्याला याहून जुनी परंपरा आहे. धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचा पहिला खंड १९४५मध्ये निघाला. त्यात भर होता तो कुटुंबाचा धंदा, मिळकत, घर अशा गोष्टींवर. १९५६मध्ये सोवनी प्रभृतींची फेरपाहणी प्रसिद्ध झाली, त्यामुळे मधल्या काळात काय बदललं ते ताडून पाहता आलं. आज नवे निर्देशांक आणि नवे निकष निघत राहतात. त्यांतून तुलना नेमकी कशाशी करायची?

म्हणून लोकांचं मत विचारूच नये, असं मुळीच नाही. रस्त्यावर दिव्याचे खांब किती, हे महापालिकेच्या कागदावर असतं. पण रात्री दहाला स्टेशनवरून घरी येताना बाई कोणता रस्ता टाळते, हे तिच्याखेरीज कुणी सांगू शकत नाही. सार्वजनिक शौचालय रात्री उघडं असतं का, हेही तिलाच माहीत. तिला तिच्या समाधानाबद्दल न विचारता कालच्या रात्रीबद्दल विचारावं.

आणि उत्तरं लोकांना परत करावीत. संपूर्ण शहराला एक गुण देऊन कुणाचंच भलं होत नाही. पुण्याचा आकडा सुखवस्तू प्रभात रोडचा की जनता वसाहतीच्या झोपडपट्टीचा? वाचकहो, पुढच्या वेळी टॅब घेऊन कुणी दारात आलं तर उत्तर जरूर द्या, आणि महापालिकेकडे त्याच पाहणीचे प्रभागवार आकडे लेखी मागा.