सोडून जाणाऱ्याची बाजू

नेटवर्क मार्केटिंगच्या सेमिनारमध्ये एक विषय हमखास असतो: नवीन जोडलेला माणूस टिकवायचा कसा? जॉइनिंग झाल्याबरोबर त्याच्याकडून शंभर नावांची यादी काढून घ्या, सुरुवातीला प्लॅन दाखवायला स्वतः सोबत जा, रोज फोन करा, महिन्याच्या मोठ्या मीटिंगला घेऊन या, पहिला चेक लवकर निघेल असं बघा. यातला बराच सल्ला खोटा नाही. कोणत्याही धंद्यात नवखा सुरुवातीला एकटा पडला की गळतो, हे दुकानदारालाही ठाऊक असतं आणि गवंड्यालाही. पण या सगळ्या सल्ल्याच्या आधी विचारायचा एक प्रश्न आहे, आणि तो व्यासपीठावरून कुणी विचारत नाही. नवखा टिकला तर फायदा कुणाचा, आणि गळला तर तोटा कुणाच्या खिशातून जातो?

बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडमध्ये हा प्रश्न कुणालाही परका वाटणार नाही. माणसं जोडणं आणि टिकवणं हा या भागाचा जुना व्यवहार आहे. जवळ तेलगावला लोकनेते सुंदरराव सोळंके साखर कारखान्याचं धुराडं दिसतं, तरी दसरा-दिवाळीच्या सुमाराला जिल्ह्यातली माणसं ट्रक-ट्रॅक्टर भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. त्यांना नेतो तो मुकादम. कारखान्याच्या बाजूने आलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तो कोयत्यांना वाटतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. टोळीने जेवढा ऊस तोडला, त्या बिलावर मुकादमाला कमिशन मिळतं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा हे कमिशन एक टक्क्याने वाढून २० टक्के झालं.

म्हणजे वरच्याने खालच्यांच्या कामावर कमिशन घ्यावं, ही रचना दिंद्रुडला अ‍ॅमवे किंवा मोदीकेअरसारख्या नेटवर्क कंपन्यांनी शिकवलेली नाही. फरक पैशाच्या दिशेत आहे. ऊसतोडीत पैसा आधी वरून खाली येतो. कोयता उचल घेऊन निघून गेला, तर खड्डा मुकादमाला पडतो. त्यासाठी त्याने स्वतःचं शेत आणि ट्रॅक्टर पणाला लावलेलं असतं. म्हणून तो माणूस धरून ठेवतो, आणि कसा धरतो ते सांगायला नको. एक दिवस आजारी पडलं की खाडा कापायचा, हिशेबात बाकी काढायची, ती पुढच्या हंगामाला जोडायची. हंगाम संपतो, बाकी संपत नाही. या पद्धतीचं कौतुक कुणी करू नये. मी तर नाहीच करणार. पण तिच्यात एक गोष्ट उघड आहे: माणूस गेला तर दुखतं ते जोडणाऱ्याला.

नेटवर्क मार्केटिंगमध्ये पैसा आधी खालून वर जातो. कायद्याने आज प्रवेश फी घेता येत नाही. पण आयडी अ‍ॅक्टिव्ह ठेवायला माल उचलावा लागतो, चेक निघायला पॉइंट लागतात आणि पॉइंट खरेदीतून येतात. मग घरात प्रोटीनची डबी येते, आवळ्याचा रस येतो, टूथपेस्टची सहा-सहा खोकी येतात. नवखी मुलगी चार महिन्यांनी थांबली, तर खोकी तिच्या घरात राहतात. अपलाइनने, म्हणजे तिला जोडणाऱ्याने, तिच्या खरेदीवरचं कमिशन कधीच घेतलेलं असतं. तो फार तर हळहळेल आणि दुसरी जोडेल. ज्याचं काही जात नाही, त्याचा आधार बहुतेक वेळा फोनवरच्या उत्साहापलीकडे जात नाही. त्याच्या स्वभावाला मी दोष देत नाही. रचनाच तशी आहे.

त्यात गावाचं गणित आडवं येतं. फळ्यावर समजावतात ते असं: तुम्ही सहा जण जोडा, ते सहा-सहा जोडतील. सहाचे छत्तीस, छत्तिसाचे दोनशे सोळा. हीच साखळी पुढे नेली तर आठव्या पायरीवर १६ लाख ७९ हजार ६१६ माणसं लागतात आणि नवव्या पायरीवर एक कोटीच्या वर. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या बीड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार होती, त्यात तान्ही मुलंही आली. पण दिंद्रुडमध्ये आठव्या पायरीची वाट बघावी लागत नाही. शंभर नावांची यादी काढायला सांगतात ना, ती पुण्यातल्या माणसाची शंभर नावं वेगळी असतात आणि त्याच्या शेजाऱ्याची वेगळी. गावात अपलाइनच्या यादीतली माणसं आणि नवखीच्या यादीतली माणसं बरीचशी तीच असतात. जाऊ, मामी, शाळेतल्या बाई, किराणा दुकानदार. दुसऱ्या-तिसऱ्या माणसापाशीच यादी संपलेली असते. मग तिला सांगतात की तू मेहनतीत कमी पडलीस.

यापेक्षाही मला खुपते ती दुसरी शिकवण: निगेटिव्ह लोकांपासून दूर राहा. निगेटिव्ह कोण? महिन्याकाठी किती गेले आणि किती आले असं विचारणारा भाऊ. खोकी मोजणारी सासू. सेमिनारच्या तिकिटाचे आणि गाडीभाड्याचे पैसे कुठून आणलेस, हे विचारणारा नवरा. नवख्याजवळ हिशेब विचारणारी एवढीच माणसं असतात, आणि आधार देण्याच्या नावाखाली तीच त्याच्यापासून तोडली जातात. एरवी घरातला माणूस फसतोय असं वाटलं तर शेजारी बोलतो. इथे बोलणाऱ्याचं तोंड आधीच बंद झालेलं असतं.

असं असूनही माणसं यात का राहतात, याचं उत्तर 'लोभ' या एका शब्दात देणाऱ्यांशी माझं पटत नाही. दहावी-बारावी झालेल्या, लग्न होऊन आलेल्या बाईला माजलगावच्या हॉलमध्ये माइक हातात मिळतो. पन्नास माणसं तिच्या नावाने टाळ्या वाजवतात. तिला 'मॅडम' म्हणतात. शेतात आणि स्वयंपाकघरात तिच्या कामाला ना मजुरी होती, ना नाव. ही भूक खरी आहे, आणि ती भागवणाऱ्या मीटिंगला ती तोटा सोसूनही जाते. तिच्यासाठी तो खर्च धंद्याचा नसतो, त्या टाळ्यांचा असतो. हे ज्याला समजत नाही, त्याने तिला शहाणपण शिकवायला जाऊ नये.

आधाराची कसोटी काय असावी, याचं एक चांगलं उत्तर १९७९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे आलं होतं. अ‍ॅमवेची योजना पिरॅमिड आहे की नाही, असा तो वाद होता; पिरॅमिड म्हणजे माल विकण्यापेक्षा नवी माणसं जोडण्यावरच चालणारी योजना. कमिशनने ती पिरॅमिड नाही असं ठरवलं, पण कंपनीची भाषणं ऐकून नव्हे. अ‍ॅमवेच्या तीन नियमांना त्यात वजन मिळालं. घेतलेल्या मालातला ७० टक्के विकला गेला पाहिजे. महिन्याला दहा किरकोळ गिऱ्हाइकांना माल विकल्याचं दाखवलं पाहिजे. आणि खालच्याने मागितलं तर त्याचा न वापरलेला, विकण्याजोगा माल वरच्याने परत विकत घेतला पाहिजे. या तिसऱ्या नियमाकडे नीट बघा. नवखा सोडून निघाला की अपलाइनच्या खिशाला हात लागतो. कमाईचे फुगवलेले दावे केल्याबद्दल त्याच निकालात कंपनीला दोषही दिला गेला.

आपल्याकडे १९७८ चा प्राइज चिट्स आणि मनी सर्क्युलेशन स्कीम्स बंदी कायदा आहे. २८ डिसेंबर २०२१ ला ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम आले. पिरॅमिडला बंदी, प्रवेश फीला बंदी, आणि करार केल्यावर ठरावीक मुदतीत दंड न भरता बाहेर पडण्याची सोय, हे सगळं त्यात आहे. एप्रिल २०२२ मध्ये ईडीने अ‍ॅमवे इंडियाची ७५७ कोटींहून जास्त मालमत्ता जप्त केली आणि पिरॅमिडचा आरोप ठेवला. तपासाला सहकार्य करत असल्याचं कंपनीने सांगितलं. कमाईबद्दल म्हणाल, तर २०२४ मध्ये त्याच अमेरिकी कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी ७० कंपन्यांनी स्वतः छापलेले उत्पन्नाचे तक्ते तपासले. त्यांत बहुतेक सभासदांची वर्षाची मिळकत हजार डॉलर किंवा त्याहून कमी होती, आणि अनेक तक्त्यांत त्यांचा खर्च वजाच केलेला नव्हता.

नवख्याला पैशाने आधार देणारी रचना अशक्य आहे, असं मात्र नाही. एलआयसीची विमा सखी योजना ९ डिसेंबर २०२४ ला सुरू झाली. दहावी पास महिलेला पहिल्या वर्षी महिना ७ हजार, दुसऱ्या वर्षी ६ हजार, तिसऱ्या वर्षी ५ हजार रुपये, असं तीन वर्षांत मिळून २ लाख १६ हजार. कमिशन वेगळं. अट अशी की पहिल्या वर्षी केलेल्या पॉलिसींपैकी ६५ टक्के चालू राहिल्या तरच दुसऱ्या वर्षीचं मानधन. म्हणजे मावशीच्या गळ्यात पॉलिसी मारून चालत नाही, मावशीला पुढचा हप्ता भरावासा वाटला पाहिजे. विमा एजंटही नातेवाइकांच्याच दारात जातात, ही तक्रार खरी आहे. तरी शिकण्याच्या काळाचा खर्च इथे संस्था उचलते, शिकणारी नाही.

बचत गटाचंही तसंच. नवी बाई पहिल्याच महिन्यात काही विकत घेत नाही. ती ठरलेली बचत टाकते, आणि ती तिच्याच नावावर राहते. गट सोडताना हिशेब होतो आणि तिचे पैसे तिला मिळतात. बीड जिल्ह्याला याचं मोल जास्त कळेल. २०२३ मध्ये ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेतल्या ठेवी मिळेनाशा झाल्या, तेव्हा आत टाकलेला पैसा बाहेर निघत नाही म्हणजे काय, ते इथल्या घराघराने पाहिलं.

म्हणून दिंद्रुडमध्ये कुणी मनापासून हा व्यवसाय करत असेल, आणि असे लोक आहेत, तर आपल्या डाउनलाइनला, म्हणजे आपण जोडलेल्यांना, जपण्याचा त्याचा मार्ग सेमिनारच्या हॉलपासून दूर जातो. आधी गिऱ्हाईक, मग आयडी. पिकाला फवारायचं औषध असो की केसांचं तेल, ते सभासद नसलेल्या माणसाने दुसऱ्यांदा मागून घेतलं का, हे बघायचं. तोवर नवखीला कुणालाही जोडायला सांगायचं नाही. येण्याजाण्याच्या भाड्यासकट तिचा जमाखर्च वहीत मांडायचा, आणि ती वही तिच्या घरच्यांसमोर उघडायची. टाळ्या जरूर वाजवाव्यात, पण वहीनंतर.

एवढंही माणसाच्या चांगुलपणावर सोडून भागणार नाही. तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, बीडला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पण तक्रार करायची कुणाविरुद्ध? जोडलं सख्ख्या नणंदेने. तक्रार केली तर पुढच्या दिवाळीला माहेरपणाला आलेल्या त्याच नणंदेला वाढायचं आहे. म्हणून ती तक्रार होत नाही, खोकी फळीवर पडून राहतात आणि बोलणं तेवढं कमी होतं. यावर उपाय नियमातच हवा. माल परत करायचा तर तो सरळ कंपनीकडे, पैसे सरळ नवखीच्या खात्यात, अपलाइनची सही लागू नये. आणि त्या मालावर अपलाइनने घेतलेलं कमिशन त्याच्या पुढच्या चेकमधून कापलं जावं. हे राज्याच्या देखरेख यंत्रणेने नीट पाळायला लावलं, तर पहिलं खोकं हातात देताना नणंदच विचारेल, की हे तू कुणाला विकणार आहेस?