मर्यादित आवृत्तीची मर्यादा

बँक्सी हे टोपणनाव लावणाऱ्या ब्रिटिश चित्रकाराने 2002 मध्ये लंडनच्या भिंतींवर स्टेन्सिलने एक चित्र उमटवले. हातातला लाल फुगा सुटलेली लहान मुलगी हा त्याचा विषय. 2004 मध्ये पिक्चर्स ऑन वॉल्स या प्रकाशनसंस्थेने त्याच चित्राचे स्क्रीनप्रिंट काढले. 150 सहीचे, 600 बिनसहीचे. भिंतीवरचे चित्र येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही फुकट दिसत होते, कागदावरचे मात्र मोजके आणि विकाऊ. रस्त्यावरच्या चित्रकारांची अशी छापचित्रे जमवणारा संग्राहक नेमका कशाचा मालक होतो, हा प्रश्न बाजाराचा वाटला तरी मुळात तत्त्वज्ञानाचा आहे.

छापचित्रांची संख्या मर्यादित असणे ही एके काळी नाइलाजाची गोष्ट होती. तांब्याच्या पत्र्यावर सुईने थेट ओरखडून काढलेल्या ड्रायपॉइंटमध्ये रेषेची खरबरीत कड छापताना दाबाने झिजते, आणि काही डझन ठसे निघाले की चित्र फिके पडू लागते. तिथे आधीच्या आणि नंतरच्या प्रतीतला फरक डोळ्यांना दिसतो, म्हणून आधीच्या प्रतीला जास्त मोल देणे समजण्यासारखे आहे. स्क्रीनप्रिंटची गोष्ट वेगळी. चौकटीवर ताणलेल्या जाळीतून स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, शाई कागदावर उतरवतात, प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी लागते, आणि अशी जाळी हजारो प्रती देऊ शकते. अमुक आकड्यावर थांबा असे जाळी सांगत नाही. थांबतो तो माणूस. मग जाळी धुऊन दुसऱ्या कामाला घेतली जाते.

अशा वेळी 40 क्रमांकाची प्रत आणि 41 क्रमांकाची प्रत यांत वेगळे काय उरते? वैशेषिक दर्शनापुढे असाच पेच परमाणूंबाबत उभा राहिला होता. एकाच जातीचे दोन परमाणू गुणांनी सारखे, त्यांना अवयव नाहीत, तरीही ते दोन आहेत. म्हणून त्या दर्शनाने ‘विशेष’ हा स्वतंत्र पदार्थ मानला. एकाला दुसऱ्यापासून वेगळे ठेवणे एवढेच त्याचे काम. प्रतीवर पेन्सिलीने 40/150 असा घातलेला क्रमांक हा जणू हाताने लावलेला विशेष. मात्र साम्य इथेच थांबते. सावयव वस्तू अवयवभेदानेच वेगळ्या ठरतात, त्यामुळे कागदाला विशेषाची गरज नसते. ती असते संग्राहकाला. शिवाय तिरप्या रेषेआधीचा आकडा पुष्कळदा छपाईचा खरा क्रमही दाखवत नाही. खरे वजन नंतरच्या आकड्याला असते, आणि तो हातातल्या कागदाविषयी नव्हे, तर कधीच न छापल्या जाणाऱ्या कागदांविषयी बोलतो.

म्हणजे चित्राबरोबर एक वचनही विकले जाते : यापुढे हे छापणार नाही. वचन म्हटले की पळवाटा आल्याच. फुगा सुटलेल्या मुलीच्याच चित्रात फुग्याचा रंग बदलून वेगळ्या कलावंत-प्रती (आर्टिस्ट्स प्रूफ) निघाल्या, आणि त्या 750 मध्ये धरल्या जात नाहीत. डच चित्रकार रेम्ब्राँच्या पत्र्यांवरून तर त्याच्या मृत्यूनंतरही ठसे काढले गेले. त्याने असे वचन कोणाला दिलेलेच नव्हते. बँक्सीच्या बाबतीत आणखी एक विचित्र गोष्ट आहे. वचन देणाराच नाव लपवून आहे. मग त्याचा शब्द कोणी धरून ठेवायचा?

ते काम पेस्ट कंट्रोल ही त्याची संस्था करते. तिच्या प्रमाणपत्राला राजकुमारी डायनाचा चेहरा छापलेल्या, बँक्सीने केलेल्या खोट्या दहा पौंडांच्या नोटेचा फाडलेला अर्धा तुकडा जोडलेला असतो. दुसरा अर्धा संस्थेकडे राहतो. खरेपणाची खूण म्हणून खोटी नोट, हा विनोद जाणूनबुजून केलेला दिसतो. पण हीच संस्था भिंतीवरून काढून आणलेल्या चित्रांना प्रमाणपत्र देत नाही. जर्मन विचारवंत वॉल्टर बेन्यामिनने 1930 च्या दशकात म्हटले होते की मूळ कृतीचे तेज तिच्या एकमेव स्थळकाळात असते आणि प्रतीत ते हरवते. इथे बरोबर उलटे घडते : स्थळकाळ असलेली भिंत अप्रमाणित राहते आणि प्रमाण मानली जाते ती प्रत.

हे तेज वस्तूत किती आणि शब्दात किती, याची परीक्षा बँक्सीनेच ऑक्टोबर 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपाशी घेतली. एका साध्या ठेल्यावर त्याचे सही केलेले अस्सल कॅनव्हास 60 डॉलरला मांडले होते. दिवसभरात 420 डॉलरची विक्री झाली. कॅनव्हास अस्सलच होते, पण ते अस्सल आहेत असे सांगणारा कोणी नव्हता. यावरून गिऱ्हाइकांना मूर्ख ठरवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्यांनी चित्राची किंमत चित्र पाहून केली.

मार्च 2021 मध्ये एका ब्लॉकचेन कंपनीने बँक्सीच्या ‘मोरॉन्स’ या स्क्रीनप्रिंटची एक प्रत कॅमेऱ्यासमोर जाळली आणि तिचे डिजिटल रूप एनएफटी, म्हणजे ब्लॉकचेनवर मालकी नोंदवलेली एकमेव डिजिटल वस्तू, म्हणून विकले. चित्राचा विषय खुद्द लिलावाची थट्टा हाच आहे. एक कागद गेला, कृती मात्र नष्ट झाली असे म्हणता येत नाही, कारण तिच्या इतर प्रती शाबूत आहेत. वचनही मोडले नाही. ते जास्त न छापण्याचे होते, कमी होऊ न देण्याचे नव्हते. उरलेल्या प्रतींच्या मालकांनी काहीही न करता त्यांच्याकडचा कागद थोडा अधिक दुर्मीळ झाला.