नाव, पेटी आणि पाकोळी

'किप्सेलॉस' हे प्राचीन ग्रीसमधील राज्यकर्त्यांचे नाव आहे, तसेच एका वेगवान पक्ष्याचेही. आर्केडियाच्या एका राजाचे ते नाव होते, इ. स. पूर्व सातव्या शतकात कॉरिन्थवर तीस वर्षे हुकमत गाजवणाऱ्या सत्ताधीशाचेही तेच. अ‍ॅरिस्टॉटल सांगतो की, 'पाय नसलेले' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पाकोळीसारख्या पक्ष्यांना काही जण याच नावाने ओळखतात. चिन्हाची यादृच्छिकता गृहीत धरणाऱ्या वाचकाला हा योगायोग वाटेल. परंतु दोन्ही नावांच्या मुळाशी 'किप्सेली', म्हणजे पोकळ पात्र अथवा पेटी, आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या वर्णनानुसार, जेमतेम आत शिरता येईल अशा मातीच्या लांबट घरट्यात तो पक्षी राहतो. कॉरिन्थचा भावी सत्ताधीश अर्भकावस्थेत पेटीत लपवला गेला होता.

ही कथा हेरोडोटसच्या पाचव्या पुस्तकात येते. हे मूल कॉरिन्थच्या सत्ताधारी कुळाचा नाश करील, असे भाकीत होते. म्हणून त्या कुळाने दहा माणसे धाडली. मूल ज्याच्या हाती प्रथम येईल त्याने ते जमिनीवर आपटावे, असे ठरले होते. लाब्दा या मातेने विश्वासाने मूल हाती दिले आणि ते हसले. पहिल्याला ते मारवेना. त्याने दुसऱ्याकडे दिले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. दहाव्याने ते आईला परत केले. दाराबाहेर मात्र त्यांनी एकमेकांना दोष दिला आणि सर्वांनी मिळून मारायचे ठरवले. ते ऐकून लाब्दाने मूल पेटीत दडवले. त्यावरून त्याचे नाव पडले.

स्पार्टाने अथेन्समध्ये पुन्हा हुकूमशाही आणू नये, म्हणून कॉरिन्थचा सोसिक्लीज ही कथा सांगतो. किप्सेलॉसने अनेकांना देशोधडीला लावले, अनेकांची मालमत्ता हिरावली आणि त्याहून कितीतरी अधिक लोकांचे प्राण घेतले, असा त्याचा आरोप आहे. मग ती दया चूक होती काय? परिणामांवरून न्याय करणारा 'होय' म्हणेल. पण ज्याच्या हातात ते मूल होते, त्याच्यासमोर हुकूमशहा नव्हता. हसणारे अर्भक होते. भाकीत खरे ठरले म्हणून त्या क्षणीची हत्या न्याय्य ठरत नाही. आक्षेप घ्यायचाच तर तो निराळ्या गोष्टीला घ्यावा लागेल: एकेकट्या माणसाला जे अशक्य झाले, ते समूह होताच त्यांना शक्य वाटू लागले.

व्युत्पत्तीच्या आधारे वाचन करणाऱ्या समीक्षकालाही येथे सावध व्हावे लागते. नावात नियती शोधली की घटना अटळ भासू लागतात. 'किप्सेलॉस' या नावात मात्र ना भाकीत आहे, ना अत्याचार. आहे तो केवळ आसरा. आत कोण आहे, बाहेर पडून ते काय करील, याबद्दल पेटी काही सांगत नाही.

पक्ष्याच्या नावाची पुढची हकिकत याला पूरक आहे. १८११ मध्ये इलिगर यांनी पाकोळ्यांच्या प्रजातीला 'किप्सेलस' म्हटले. पुढे अग्रक्रमाच्या नियमाने स्कोपोली यांचे १७७७ मधील 'एपस', म्हणजे 'पाय नसलेला', हे नाव कायम झाले. पाकोळीला पाय असतात. आखूड असले तरी असतात. आसऱ्याचे नाव मागे पडले आणि नसलेल्या उणिवेचे टिकले. माणसांना नावे ठेवतानाही आपण बहुधा हेच करतो.