शिंगराचा चारा आणि अन्नपाननिरोध

तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या सातव्या अध्यायात अहिंसेच्या अणुव्रताचे, म्हणजे गृहस्थाने पाळावयाच्या मर्यादित व्रताचे, जे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण म्हणजे झेपणार नाही इतके ओझे लादणे आणि अन्नपाननिरोध म्हणजे खाणेपिणे रोखणे या दोन दोषांचा समावेश आहे. उपाशी ठेवलेल्या जनावराच्या बाबतीत दुसऱ्या दोषाचा अर्थ उघड आहे. परंतु शर्यतीसाठी वाढवलेल्या शिंगराला चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, भरपूर मिळत असेल आणि वैरण मात्र बेताचीच पडत असेल, तर त्याचे अन्न रोखले गेले असे म्हणावे काय?

घोड्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असते आणि ते सौम्य करणारी लाळ केवळ चावतानाच सुटते, म्हणून दिवसाचे बरेच तास चरत राहणे ही त्याच्या देहाचीच गरज ठरते. गवतातील तंतू अंधांत्रात व मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीव आंबवतात आणि त्यातून निघणारी मेदाम्ले त्याला ऊर्जा पुरवतात. धान्यातील पिष्ट न पचता तेथवर पोहोचले, तर आम्लता वाढून पोटशूळ उठतो, खुरांच्या आतले थर सुजतात. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडे असल्याने केवळ त्यावर पोसलेल्या शिंगराची हाडे कच्ची राहतात, तर लसूणघासात कॅल्शियम मुबलक असते. तेव्हा पोट भरूनही देहाला जे हवे ते नाकारले जाऊ शकते, आणि हा निरोधच होय.

चाऱ्यावर शर्यतीचे बळ येत नाही, हा आक्षेप जुना आहे. स्वीडनमध्ये दुडक्या चालीच्या शर्यतींसाठी तयार होणारी वर्षा-दीड वर्षाची शिंगरे धान्याविना, वेळेवर कापलेल्या ऊर्जायुक्त चाऱ्यावर वाढवली गेली, तेव्हा त्यांची वाढ खुंटली नाही आणि व्यायामाची नेहमीची उद्दिष्टेही त्यांनी गाठली. अर्थात जून, काडीदार गवताने हे साधत नाही, आणि प्रथिने व खनिजे यांची उणीव भरून काढावीच लागते.

तत्त्वार्थसूत्र हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात पाहते. त्यामुळे जी चूक अज्ञानात क्षम्य होती, ती माहिती हाती आल्यावर दोष ठरते. अतिभाराचा प्रश्न मात्र उत्तम चाऱ्यानेही सुटत नाही. मोकळ्या धावण्याने कोवळी हाडे बळकट होतात हे खरे, पण पुढच्या पायातील गुडघ्यावरची वाढपट्टी साधारण 24 ते 30 महिन्यांच्या सुमारास मिटते, आणि अनेक देशांत शर्यत त्याआधीच, दोन वर्षांच्या वयात सुरू होते. कौटिल्याला सैन्यासाठी घोडे हवे होते, तो करुणेपोटी लिहीत नव्हता, शिंगराला जवही देववीत होता. तरी त्याच्या अर्थशास्त्राच्या अश्वाध्यक्ष प्रकरणात घोडा कामास योग्य मानला आहे तो चार किंवा पाच वर्षांचा झाल्यावर.